आठची पट्टी

शरदचंद्र पारसनिसांचा फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गणोजी घाडगे नुकताच देवासच्या आपल्या केबल चॅनलच्या कंट्रोल रूमचं शटर वर करून आत आला होता.

"ताई गेल्या," शरदचंद्र म्हणाले. "पाच वाजता. पट्टी लावायची आहे. लिहून घे."

ताई म्हणजे त्यांच्या आई, अन्नपूर्णाबाई. त्या घरात मुलं आईला ताईच म्हणत. वय त्र्याण्णव. धारला, धारेश्वराच्या देवळामागच्या घरात, त्या थोरल्या मुलाजवळ म्हणजे शरदचंद्रांजवळ राहत होत्या. शरदचंद्र निवृत्त शिक्षक. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी देवासला काढली होती आणि त्यातली दोन वर्षं गणोजी त्यांच्या वर्गात होता. आता तो चोपन्न वर्षांचा होता, तरी सरांचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलत असे.

त्यानं वही ओढली. सरांनी वर्गात सांगत तसा मजकूर सांगितला, स्वल्पविरामासकट.

"अंत्ययात्रा दुपारी दोन वाजता, धार येथील राहत्या घरून निघेल. शोकाकुल, समस्त पारसनीस परिवार. झालं? वाचून दाखव."

गणोजीनं वाचून दाखवलं.

"आठला लाव. बाराला पुन्हा."

"लावतो सर. माधव भियांना मी एक फोन करून—"

"पट्टी लाव म्हणालो मी." मागे कुणी तरी बाई रडत होती. "त्याच्याकडे तुझीच केबल आहे ना अजून?"

"आहे ना सर. आठची पट्टी सगळं देवास बघतं."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माधव हा शरदचंद्रांचा धाकटा भाऊ; भिया म्हणजे तिकडच्या बोलीत भाऊ. देवासच्या एका कारखान्यात फिटर होता, मोती बंगला भागात बायको शशिकलाबरोबर राहत होता. दोन्ही भावांत सहा वर्षांपासून बोलणं नव्हतं. शरदचंद्रांच्या मुलीचं, कोमलचं लग्न ठरत असताना माधवनं मुलाकडच्यांना सांगून टाकलं होतं की हिचा आधी एकदा साखरपुडा होऊन मोडला आहे. लपवणं बरं नाही, असं त्याचं म्हणणं. ते स्थळ गेलं. कोमलचं पुढे चांगल्या घरी झालं, पण शरदचंद्रांनी देवासमोर उभं राहून सांगितलं की माधवशी एक शब्द बोलणार नाही, आणि या घरातून त्याला फोन जाणार नाही. घरातल्यांनी ते पाळलं. नातेवाईकांनी पहिल्या वर्षी मध्यस्थी करून पाहिली, दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि सोडून दिलं.

माधव आईला भेटायला वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला धारला जाई. त्या दिवशी शरदचंद्र अकरा वाजता देवळात जात आणि एक वाजता परत येत. तेवढ्यात भेट उरकायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

बाकी दोन घरांतल्या बातम्या गणोजीच्या पट्टीवरून जात. त्याच्या लोकल चॅनलवर रोज सकाळी आठ वाजता पडद्याच्या खालच्या बाजूनं पट्टी फिरे: कोण गेलं, उठावणा, म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकबैठक, कधी, कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची साठी. चार वर्षांपूर्वी दोघांचे वडील, तात्यासाहेब, गेले तेव्हाही शरदचंद्रांनी फोन केला नव्हता. पट्टी लावली होती. शशिकलानं ती आठला पाहिली, कारखान्याच्या गेटवर कळवलं, आणि माधव साडेअकराला धारला पोचला. दोघा भावांनी पुढचा खांदा दिला. डावा शरदचंद्रांनी, उजवा माधवनं. एकमेकांकडे न बघता.

त्यामुळे पट्टी पुरते, हा शरदचंद्रांचा अनुभव होता.

साडेसातला अक्षदा आली. पट्टी टाइप करायचं काम तिचं. घरात मराठी, शाळा सगळी हिंदीत. मराठी मजकूर ती ओठ हलवत, अक्षर अक्षर लावून वाचायची. अर्ध्यावर तिचे ओठ थांबले.

"काका, हे पारसनीस म्हणजे मोती बंगल्यावाले ना? शशिकला काकूवाले?"

"त्यांच्या सासूबाई गेल्या."

"अरे राम." तिनं कीबोर्डवरचे हात काढले. "पण काका, त्यांचा बॉक्स तर जमा होऊन गेला."

"कुठला बॉक्स?"

"सेट टॉप बॉक्स. मीच तर घेतला. काकू बोलल्या, सार्थकनी नवा टीव्ही पाठवला, त्याच्यात सगळं नेटवरच येतं, आता हे डबडं कशाला. मला पेढा पण दिला."

सार्थक म्हणजे माधवचा मुलगा, पुण्यात नोकरीला. गणोजीनं रजिस्टर काढलं. एकोणीस जानेवारी. ग्राहक, माधव पारसनीस. बॉक्स, रिमोट, वायर परत. खाली शशिकलाची सही. आज मार्चची अकरा तारीख होती.

"फोन करून टाकू काकूला?" अक्षदानं विचारलं.

"नको."

"मग ग्रुपवर टाकते. आपल्या मराठीवाल्या ग्रुपवर. दोन मिनिटाचं काम."

"पट्टी आहे ना," गणोजी म्हणाला. "पट्टी असताना ग्रुपवर कशाला? उद्या सगळे म्हणतील, ग्रुपवरच टाका, पट्टी नको."

"तसंही म्हणतातच," अक्षदा म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून स्क्रीनकडे वळली.

सात पस्तीस झाले होते. करण्यासारख्या तीन गोष्टी होत्या आणि गणोजीला तिन्ही दिसत होत्या. सरांना फोन करून सांगायचं की माधवकडे केबल नाही. माधवला स्वतः फोन करायचा. किंवा अक्षदाला ग्रुपवर टाकू द्यायचं. पहिल्या गोष्टीसाठी सरांना सांगावं लागलं असतं की दीड तासापूर्वी आपण न बघता हो म्हणालो. आणि ते तिथेच थांबलं नसतं. सरांनी विचारलं असतं, मग किती जणांकडे आहे? एके काळी एकवीसशे चाळीस घरं होती. आता एकशे त्रेसष्ट. हा आकडा त्यानं घरीही सांगितलेला नव्हता. दुसरी गोष्ट सरांनी बजावून नको म्हटली होती. तिसरी न करण्याचं कारण तो अक्षदाला आत्ताच सांगून बसला होता.

मोती बंगल्याच्या त्या गल्लीत निम्मी घरं मराठी, असा त्यानं विचार केला. कुणी ना कुणी बघेल. बघेल तो जाऊन सांगेल.

आठ वाजता पट्टी लागली.

पूर्वी आठ ही वेळ अशी होती की त्या गल्लीतून चालत गेलं तर एकाच निवेदकाचा आवाज घराघरांतून सलग ऐकू येई. कुणाची पट्टी असली की बायका दारात येऊन "बघितलं का?" असं एकमेकींना विचारत, आणि सव्वाआठपर्यंत चार जण चपला घालून त्या घरी निघालेले असत. गणोजी तेव्हा मुद्दाम मोटरसायकल काढून एक चक्कर मारायचा. या खेपेला त्यानं चक्कर मारली नाही. त्यानं रजिस्टर उघडलं आणि त्या गल्लीतली नावं मोजली. बेचाळीस घरांत दोन जोडण्या उरल्या होत्या. एका घराला डिसेंबरपासून कुलूप होतं, मालक मुलीकडे खातेगांवला. दुसरी जोडणी देवळाच्या कचेरीतली, आणि कचेरी उघडते दहाला.

तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन करायला अजूनही उशीर झालेला नव्हता. देवासहून इंदूर, गंगवाल बसस्टँडवरून धारची गाडी, धरून अडीच तास. तो फोन हातात घेऊन बसला. मग एका ग्राहकाची तक्रार आली, क्रिकेट दिसत नाही म्हणून, आणि तो तारेची पिशवी घेऊन बाहेर पडला. तक्रार दहा मिनिटांची होती. तो तिथे सव्वा तास थांबला.

बाराला पट्टी पुन्हा लागली.

आठ वाजता शशिकला घरीच होती. स्वयंपाकघरात, ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनवर ती आदल्या रात्री राहिलेला मालिकेचा भाग बघत भाजी चिरत होती. बाहेरच्या खोलीतला नवा टीव्ही बंद होता. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होई, आणि कामं होईपर्यंत असे तीन भाग झाले. मराठी मंडळींच्या ग्रुपचा आवाज तिनं बंद करून ठेवला होता, कारण तिथे पहाटे चारपासून सुप्रभात येत. माधव सातच्या शिफ्टला गेला होता. त्याच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो.

एक वाजून दहा मिनिटांनी कुणी तरी ग्रुपवर टाकलं, "धारच्या पारसनीस आजी गेल्याचं कळलं. भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली हात जोडलेली पस्तीस चित्रं आली. शशिकलानं ते दोन वीसला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधव कंट्रोल रूमपाशी आला. सुतक होतं, म्हणून आत न येता पायरीखाली उभा राहिला. दाढी वाढलेली, पायांत रबरी चपला. अक्षदानं खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. तो बसला नाही.

"गणू, पट्टी किती वाजता लागली?"

"आठला, भिया. आणि बाराला."

"म्हणजे लागली."

"हो."

माधवनं मान हलवली. त्याला दुसरं काही ऐकायचं असावं.

"मी दोन पन्नासला कारखान्यातून निघालो," तो म्हणाला. "सुपरवायझर म्हणे दहा मिनिटं राहिलीत, पंच करूनच जा. नाही केलं. इंदूरपर्यंत एकाच्या गाडीवर मागे बसून गेलो. पुढे वाटेत घाटाबिल्लोदला ट्रक आडवा पडलेला. साडेपाचला घरी पोचलो. तोवर सगळे मुक्तिधामाहून येऊन अंघोळी करून बसलेले. दादांनी दोनची अंत्ययात्रा तीनपर्यंत थांबवली होती, माझ्यासाठी. हे मला प्रतापरावांनी सांगितलं, शेजारच्या. दादा तर... सहा वर्षांनी माझ्याशी बोलले पहिल्यांदा. काय बोलले माहीत आहे?"

गणोजी एक पायरी खाली उतरला.

"म्हणाले, शिफ्ट संपली का?"

अक्षदा आत निघून गेली.

"सगळे ऐकत होते. मी म्हटलं, दादा, मला अडीचला कळलं, आईशपथ. तर म्हणाले, आई कालपर्यंत होती, आता कुणाची शपथ घेतोस. पट्टी आठला होती. मी चौकशी करून लावली आहे, गणोजी म्हणाला सगळं देवास बघतं." माधवनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "असं म्हणालास तू?"

"म्हणालो."

"तुला माहीत होतं आमचा बॉक्स गेला?"

"सहा वाजता माहीत नव्हतं."

"आणि आठ वाजता?"

गणोजी म्हणाला, "आठ वाजता होतं."

माधव ओरडेल असं त्याला वाटलं होतं. माधवनं खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि लगेच सुतक आठवून काढून घेतला.

"मला तोंड बघायला मिळालं नाही, ते गेलं. ते आता कुणी देणार नाही," तो म्हणाला. "पण शिफ्ट पुरी करून आलो, हे नको राहायला. तेवढं तू जाऊन सांग. तूच सांगू शकतोस. माझं ते ऐकणार नाहीत. उद्या उठावणा आहे, चारला."

"तुम्ही येणार?"

"मी येणारच ना रे. माझी आई आहे."

तिसऱ्या दिवशी गणोजी तीन वाजताच धारला पोचला. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. भिंतीला टेकवून ताईंचा फोटो, हार, समई. शरदचंद्र आतल्या खोलीत एकटे खुर्चीवर बसले होते. डोक्यावरचे केस काढलेले, त्यामुळे ते एकदम लहान दिसत होते. गणोजी वाकून उभा राहिला. नमस्कार करायचा नव्हता, सुतक होतं.

"आलास. बस."

त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. जानेवारीत माधवनं बॉक्स परत केला. त्या गल्लीत आठची पट्टी बघणारं एकही घर उरलं नाही. आपल्याला साडेसातला कळलं होतं. आपण फोन केला नाही. एकशे त्रेसष्ट हा आकडाही त्यानं सांगितला. वर्गात गृहपाठ का केला नाही ते सांगताना जसा आवाज लागायचा तसा त्याचा आवाज लागला होता.

शरदचंद्र ऐकत होते.

"माधव भियांना खरंच अडीचला कळलं, सर. दोन वीसला काकूंनी वाचलं. ते शिफ्ट टाकून आले."

"समजलं."

"मग तुम्ही..."

"दार लोटून घे," शरदचंद्र म्हणाले. गणोजीनं दार लोटलं.

"आदल्या रात्री नऊ वाजता ताई शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, माधवला बोलाव. मी म्हटलं, बोलावतो. पुन्हा साडेनऊला विचारलं, निघाला का? मी म्हटलं, निघाला." ते भिंतीकडे बघत होते. "तेव्हा कुठली पट्टी होती रे?"

गणोजी आता खाली बसला.

"फोन समोर होता. आमची ही म्हणाली, लावू का? मी म्हटलं, सकाळी बघू." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "त्याला कळलं होतं आणि तो शिफ्ट संपवून आला, यावर मी तीन दिवस उभा आहे. तू आता ते काढून नेतोस. मग मी कशावर उभा राहू, ते पण सांगून जा."

"सर, पण त्यांची चूक नाही."

"मी कुठे म्हणतो आहे?"

बाहेर माणसं यायला लागली होती. चपलांचा, सतरंजी सारखी करण्याचा आवाज येत होता.

"तू हे मला सांगितलंस. आता बाहेर बोलू नकोस," शरदचंद्र म्हणाले. "मी विनंती करतो आहे, गणोजी. आयुष्यात तुला कधी केली नाही."

ते उठले. गणोजीनं दार उघडून धरलं.

चारपर्यंत अंगण भरलं. नालछ्याहून नातलग आले होते, शरदचंद्रांचे जुने सहकारी होते, आणि कोमलचा नवरा प्रणव पाण्याचे ग्लास फिरवत होता. माधव पावणेचारला आला. पुढे, फोटोच्या डाव्या बाजूला, घरच्या माणसांसाठी जागा सोडलेली होती. तो तिकडे दोन पावलं गेला. शरदचंद्रांनी वर पाहिलं नाही. कुणी सरकलं नाही. माधव मागे फिरला आणि शेवटच्या सतरंजीवर, गणोजीच्या शेजारी येऊन बसला.

"सांगितलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"समजलं म्हणाले."

माधवच्या खांद्यांवरून काही तरी उतरल्यासारखं झालं. तो मांडी घालून नीट बसला. वाट बघत बसला.

गुरुजी यायचे होते. शेजारचे प्रतापराव पुढच्या रांगेत होते. त्यांना गप्प बसवत नसे. मागे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "ओ देवासवाले, तुम्हीच ना ते चॅनलवाले? मग एकदाचं सांगून टाका भिया. पट्टी आठला लागली होती का नव्हती? इथे दोन दिवस तोच विषय आहे."

पंचवीस-तीस माना वळल्या. शरदचंद्रही बघत होते.

"लागली होती," गणोजी म्हणाला.

"झालं तर मग," कुणी तरी म्हणालं.

गणोजीला शेजारी माधवचा श्वास ऐकू आला. मग गणोजीच म्हणाला, "पण माधव भियांकडे केबल नाही. जानेवारीतच काढली. त्यांना पट्टी दिसलीच नाही. मला माहीत होतं, मी सरांना कळवलं नाही."

प्रतापराव हसले. उठावण्यात हसू नये हे विसरून हसले.

"अहो, केबल आता आहे कुणाकडे? माझ्याकडे नाही. यांच्याकडे नाही." त्यांनी शेजारच्या माणसाच्या मांडीवर थाप मारली. "आमची सून तर फोनवर बघते, नातू त्याच्या फोनवर बघतो, मी माझ्या. एका घरात तीन तऱ्हा. पट्टी बघतं कोण? मला वाटलं, सरांनी पट्टी पण लावली आणि फोन पण केला. एवढ्या मोठ्या गोष्टीला फोन नाही करणार का माणूस?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी त्यांनी तोंडाला लावला.

कुणी माधवकडे बघत नव्हतं आता. सगळे शरदचंद्रांकडे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते. शरदचंद्र ताठ बसले होते. त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकामागून एक दाबली जात होती, जणू ते काही मोजत होते. आतल्या दारात त्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. ती म्हणाली, "अहो." एवढंच. त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

"गुरुजी आले," प्रणव म्हणाला.

गुरुजींनी पंधरा मिनिटं वाचलं. ताईंच्या नावानं दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग घरची माणसं दाराशी ओळीनं जाऊन थांबली. उठावण्याची ही पद्धत. आलेला प्रत्येक जण हात जोडून त्यांच्यासमोरून जातो, ते हात जोडतात, आणि माणूस बाहेर पडतो. बोलायचं नसतं. पहिले शरदचंद्र उभे राहिले. त्यांच्या शेजारी धाकट्या भावाची जागा. तिथे ते एक पाऊल सोडून उभे होते की गर्दीमुळे तेवढी फट पडली होती, हे सांगता येणार नाही. प्रणव त्या फटीकडे बघून घुटमळला, त्यानं सासऱ्यांकडे बघितलं, आणि फटीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"जा," गणोजी माधवला म्हणाला. "जा ना भिया. जागा आहे."

माधव उठला. अंगणाच्या मध्यापर्यंत गेला. तिथे पाहुण्यांची रांग लागली होती, नालछ्याचे नातलग पुढे, मागे शाळेतले. रांग दाराकडे सरकत होती. सरळ पुढे जाऊन त्या फटीत उभं राहायचं, तर कुणी अडवलं नसतं. तो शरदचंद्रांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांनी एकदा बघितलं असतं तर तो गेला असता. शरदचंद्र समोर येणाऱ्या माणसाचे जोडलेले हात तेवढे बघत होते.

एका म्हाताऱ्या शिक्षकानं माधवला पुढे जायला जागा करून दिली. त्याला वाटलं, हा रांगेत आहे. माधव रांगेत उभा राहिला.

गणोजी त्याच्यामागे चौथा होता. त्याला सगळं दिसत होतं. प्रतापराव गेले, मान खाली घालून. नालछ्याचे गेले. मग माधव भावासमोर आला आणि त्यानं हात जोडले. शरदचंद्रांनी हात जोडले. जेवढा वेळ ते प्रत्येकासमोर जोडत होते तेवढाच वेळ. त्यांचे ओठ हलले, पण त्या सबंध वेळात ते प्रत्येकासमोर तसेच हलत होते.

मागचा माणूस पुढे सरकला. माधवला बाहेर पडावं लागलं.